सहलीला जातो आहोत असं कळवलं

जपानमध्ये मूल बालवाडीत येणार नसेल तर सकाळी फोन करून कारण सांगावं लागतं. नुसतं "आज येणार नाही" चालत नाही. ताप असेल तर किती, खोकला असेल तर कधीपासून, गावाला जाणार असाल तर कुठे आणि किती दिवस, हे सगळं पलीकडची बाई शांतपणे लिहून घेते. मला सुरुवातीला या प्रकाराचा भयंकर राग यायचा. माझं मूल, माझी मर्जी, यांना कशाला हव्यात चौकशा, असं मी नवऱ्याला ऐकवायचे. फोनवर मात्र आवाज मऊ करून पाठ केलेली दोन वाक्यं म्हणायचे आणि सुटायचे.

२०११च्या मार्चमध्ये मी असाच एक फोन केला. भूकंप होऊन पाच दिवस झाले होते. आम्ही तोक्योच्या पूर्वेला, निशी-कसाईत, आठव्या मजल्यावर राहायचो. नवरा पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतर्फे आलेला, मी घरी, आणि साडेचार वर्षांची लेक. फोन लेकीच्या वर्गाच्या बाईंनीच उचलला. तिशीच्या आसपासच्या, कायम एप्रन घातलेल्या, मुलांशी बोलताना गुडघ्यावर बसणाऱ्या. सगळे त्यांना नुसतं सेन्सेई, म्हणजे बाई, म्हणायचे, मीही इथे तेच म्हणते. मी म्हटलं, उद्यापासून दोन आठवडे लेक येणार नाही. आम्ही सगळे सहलीला चाललो आहोत, फिलिपिन्सला.

त्यांनी तेही लिहून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "हो का? छान. सांभाळून जा. तिला भरपूर खेळू द्या."

मी आभार मानले, फोन ठेवला आणि बॅगेची चेन ओढायला बसले. काम झालं, असं वाटलं.

सहल कसली, आम्ही पळत होतो. त्या शुक्रवारी दुपारी मी लेकीला नुकतीच घरी आणली होती. इमारत हलायला लागली तेव्हा मी तिला ओढून जेवणाच्या टेबलाखाली घेतलं. कपाटातल्या बरण्या खाली येत होत्या, फ्रिज स्वतःच्या पायांनी पुढे सरकत होता, आणि मी तिला सांगत होते की आपण ट्रेनमध्ये बसलोय, बोगदा आलाय, आता स्टेशन येईल. ती खरंच खूश झाली. पुढचं स्टेशन कोणतं, असं विचारत राहिली. मी एकामागून एक नावं सांगत होते, तोझाई लाइनची सगळी संपली, मग पुण्याची घेतली, शिवाजीनगर, खडकी, दापोडी. हलणं थांबल्यावर ती म्हणाली, पुन्हा. आणि धक्के पुन्हा आलेही, दिवसभर येत राहिले, त्यामुळे तिची हौस भागली.

त्याच दिवशी आम्हा दोघांत ठरून गेलं. नवरा चालत चालत अंधार पडल्यावर घरी पोचला तेव्हा पहिलं वाक्य तो बोलला ते हे, की हिला कळू द्यायचं नाही. मी म्हटलं, मलाही तेच वाटतंय. टीव्ही तिच्यासमोर लावायचा नाही. बातम्या लॅपटॉपवर, कानात हेडफोन घालून, एकेकाने बघायच्या. त्सुनामीच्या त्या काळ्या पाण्याचं चित्र, जे सगळं जग दिवसरात्र पाहत होतं, ते आमच्या लेकीने पाहिलं नाही. तिच्या मनात भीती शिरू द्यायची नाही, एवढी एकच गोष्ट आपल्या हातात आहे असं मला वाटत होतं, आणि ती मी अगदी हट्टाने धरून ठेवली. पाणी मिळालं नाही तरी चालेल, ब्रेड मिळाला नाही तरी चालेल, हिच्या चेहऱ्यावरचं हसू जाता कामा नये.

मग अणुभट्टीच्या बातम्या सुरू झाल्या. पुण्याहून सासूबाईंचे दिवसातून चार फोन. "अगं, इथे टीव्हीवर दाखवतायत ते आम्हाला बघवत नाही, तुम्ही तिथे बसून काय करताय?" मी म्हणायचे, "आई, तिकिटं मिळत नाहीयेत. मिळाली की निघतोच." "मग कुठलीही काढा. मुलीला घेऊन बाहेर पडा आधी." खोटं नव्हतं, मुंबईची तिकिटं खरंच नव्हती. आसपासची भारतीय कुटुंबं जमेल तशी निघत होती. कोणी सिंगापूर, कोणी बँकॉक, कोणी नुसतंच ओसाकाला. खाली भारतीय दुकानातलं पीठ आणि डाळी संपल्या होत्या आणि दुकानदार स्वतः सामान बांधत होता. तेवढ्यात नवऱ्याच्या कंपनीने कळवलं की टीमला दोन आठवडे मनिलाच्या ऑफिसातून काम करता येईल, कुटुंबं बरोबर न्या.

लेकीला काय सांगायचं, हा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. "समुद्र आहे ना तिकडे?" नवऱ्याने विचारलं. "मग सहल म्हण." तिला सहल म्हटलं की बालवाडीलाही सहलच सांगणं भाग होतं, कारण ती बडबडी आहे, तिच्या पोटात काही राहत नाही. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं की मला लाज वाटत होती. आपत्तीत घर सोडून जाण्याला जपानीत जो शब्द आहे, तो त्या आठवड्यात मला रस्त्यावरच्या भोंग्यांमुळे पाठ झाला होता. पण तो शब्द घरं वाहून गेलेल्या माणसांचा होता. आमच्या चार बरण्या फुटल्या होत्या. बरण्या फुटलेल्या बाईने तो शब्द वापरायचा म्हणजे फारच झालं. शिवाय जे मागे राहताहेत त्यांना "आम्ही चाललो, तुम्ही बघा तुमचं" असं तोंडावर कसं सांगायचं? सहल हा शब्द मला सभ्य वाटला. मी जपानीत सभ्यपणा करायला गेले. असल्या दिवसांत सहलीला निघालेल्या माणसांबद्दल कोणी काय समजेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मनिलात पहिला आठवडा आम्ही एका सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये काढला. नवरा ऑफिसात जायचा, आणि लेक रोज विचारायची, "सहल कधी सुरू होणार?" खिडकीतून खाली फक्त गाड्या दिसायच्या. शेवटी नवऱ्याने चार दिवस रजा टाकली आणि आम्ही बोटीने एका बेटावर गेलो. सहल सांगितली होती, आता करून दाखवणं आलं.

बेट सुंदर होतं. हे लिहितानाही मला अपराधी वाटतं. दोन्ही बाजूंना बांबूचे आधार लावलेल्या अरुंद होड्या, तळ दिसेल इतकं नितळ पाणी, आणि आंघोळीला घ्यावं तसं कोमट. लेक आणि तिचा बाबा सकाळी नाश्ता करून पाण्यात शिरायचे ते जेवायलाच बाहेर यायचे. मी वाळूत बसायचे. ती हाका मारायची, आई ये, आई ये, आणि मी गुडघ्यापर्यंत जाऊन परत यायचे. माझे पायच पुढे जात नव्हते. पाणी जरा मागे सरलं की मी वळून किनाऱ्याकडे चालू लागायचे. तिला सांगितलं, आईला पोहता येत नाही. तेही खरंच होतं म्हणा.

जेवणाच्या खोलीत भिंतीवर टीव्ही होता आणि त्यावर सारखं तेच चाललेलं असायचं. तिथली मालकीणबाई, चांगली दणकट, सत्तरीची, पहिल्या दिवशी मला विचारती झाली, कुठून आलात? मी म्हटलं, जपान. तिने माझा हात हातात घेतला. मग लेकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि रिमोट घेऊन कार्टून लावलं. पुढचे तीन दिवस आम्ही खोलीत शिरलो की कोणीतरी उठून चॅनल बदलायचं, बाकीचे पाहुणे मुकाट्याने कार्टून बघत जेवायचे. अनोळखी माणसं आमच्या खोट्यात सामील झाली होती. मला तेव्हा त्याचं फार बरं वाटलं.

एप्रिलच्या सुरुवातीला परत आलो. विमानतळावरून येताना ट्रेनमधले अर्धे दिवे बंद होते. स्टेशनातले सरकते जिने वीज वाचवायला थांबवलेले, लोक बॅगा उचलून पायऱ्या चढत होते. निशी-कसाईला उतरलो तर दुकानांच्या पाट्या विझलेल्या. चेरी फुलली होती, पण बागेत सतरंजी टाकून कोणी बसलं नव्हतं. कोणी रागावून आमच्याकडे बघत होतं असंही नाही. उलट खालच्या मजल्यावरच्या आजी वाकून म्हणाल्या, परत आलात, बरं झालं. एखाद्याने चार शब्द सुनावले असते तर मला सोपं गेलं असतं. मी भांडणात बरी आहे.

बालवाडीचं नवं वर्ष सुरू झालं. वर्ग बदलला, सेन्सेई त्याच राहिल्या. त्या थोड्या बारीक झाल्यासारख्या वाटल्या. मी नेहमीप्रमाणे "तुमच्यावर सोपवते" म्हणाले, त्या नेहमीप्रमाणे वाकल्या.

एप्रिलच्या शेवटी पालकांना वर्ग बघायला बोलावलं होतं. तासभर आया भिंतीला टेकून उभ्या राहतात आणि मुलं गाणी म्हणतात. बाहेर कॉरिडॉरमध्ये मुलांनी काढलेली चित्रं लावली होती. तिथली पद्धत अशी की मूल चित्र काढतं, मग बाई त्याच्याजवळ बसून विचारतात, हे काय आहे, सांग बरं, आणि मूल जे बोलेल ते शब्दन् शब्द चित्राखालच्या पट्टीवर लिहितात. बाईंनी त्यात एक अक्षर बदलायचं नसतं. विषय होता, "वसंताच्या सुट्टीत मला काय आवडलं". त्या वर्षी कोणी कुठे गेलं नव्हतं. आजीबरोबर केलेले भाताचे लाडू, घराजवळचा घसरगुंडीचा हत्ती, धाकटा भाऊ, मांजर. बरीच मांजरं होती.

मधोमध आमच्या लेकीचा समुद्र. तिने कागदाचा एक कोपरासुद्धा पांढरा ठेवला नव्हता. निळा खडू अगदी दाबून दाबून घासलेला. निळ्याच्या आत दोन डोकी, आणि खाली कडेला एक बारकी बाई. मला तेव्हा जपानी मुळाक्षरं तेवढी वाचता यायची, तीही एकेक करून, पहिलीतल्या मुलासारखी. पट्टीवरच्या सुबक अक्षरांवरून मी मनातल्या मनात बोट फिरवत गेले. समुद्र खूप मोठा होता. गरम होता. बाबा आणि मी आत गेलो, दिवसभर आत होतो. आईला मजा आली नाही. मला खूप मजा आली. पुन्हा जायचंय.

शेजारी लेकीच्या मैत्रिणीची आई उभी होती. कमी बोलणारी बाई. तिने ते वाचलं होतं हे उघड होतं. ती हळूच म्हणाली, "सेन्सेई खरंच धीराच्या आहेत." मी विचारलं, का? तिने माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. "तुम्हाला माहीत नाही? त्यांची आई अजून सापडली नाही." उत्तरेला, सेंदाई शहराच्या पुढे, किनाऱ्यावरच्या एका गावात त्यांचं माहेर. वडील कामानिमित्त डोंगराकडे गेलेले, ते वाचले. आई घरी होती. मार्चमध्ये बालवाडीचं वर्ष संपलं त्या शेवटच्या दिवशी मुख्याध्यापिकांनी पालकांना हे सांगितलं होतं. रेल्वे बंद, रस्ते बंद, त्यामुळे सेन्सेईंना जाता येत नव्हतं, आणि त्या रोज वर्गावर येत होत्या. सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटच्या दिवशी आम्ही बेटावर होतो.

मी उभ्या उभ्या दिवस मोजले. मी फोन केला तेव्हा त्यांची आई बेपत्ता होऊन पाच दिवस झाले होते. बालवाडीच्या ऑफिसात, फोनजवळ, त्या कशाची वाट पाहत बसल्या असतील हे सांगायला नको. फोन वाजला आणि मी म्हटलं, आम्ही सहलीला चाललोय. आणि आता त्याच बाईंनी माझ्या मुलीजवळ बसून, एक अक्षर न बदलता, आपल्या हाताने लिहिलं होतं की समुद्र गरम होता आणि पुन्हा जायचंय.

इथपर्यंतची गोष्ट मी पुढे कितीतरी जणांना सांगितली आहे. ऐकणारे हळहळतात, तुमची तरी काय चूक, म्हणतात. यापुढची मी कोणाला सांगत नाही.

आम्ही सायकलवरून घरी आलो. लेक मागच्या सीटवर गाणं म्हणत होती. घरी आल्यावर मी तिला पोहे दिले आणि सिंकपाशी भांडी घासायला उभी राहिले. ती म्हणाली, "माझं चित्र बघितलंस?" मी म्हटलं, "बघितलं." "सेन्सेई म्हणाल्या, सगळ्यात मोठं आहे." माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. माझा राग माझ्यावरच होता, पण तो निघायला जागा हवी होती, आणि घरात तेव्हा ती एकटीच होती. मी पाठमोरीच बोलत राहिले. ओरडले नाही, ओरडले असते तर तिला निदान सवय होती. मी सरळ, थंड आवाजात सांगितलं की समुद्राची मोठी लाट आली होती, खूप माणसं गेली, सेन्सेईंची आईसुद्धा गेली, अजून सापडलेली नाही. आणि तू त्यांना काय लिहायला लावलंस? मजा आली. असं बोलतात का कोणाला?

सात आठवडे मी जे तिच्यापासून जिवापाड लपवलं, ते चार भांडी घासायच्या वेळात तिच्यापुढे ओतलं. तिने मग काही विचारलं. दोन-तीन प्रश्न होते. नळ चालू होता, मी रडत होते आणि ते तिला दिसू नये म्हणून मागे वळत नव्हते. मी नुसतं हो, हो म्हणत गेले. वळून पाहिलं तेव्हा तिने पोहे संपवले होते आणि ताटली उचलून माझ्याकडे घेऊन आली होती. एरवी ती ताटली कधी उचलायची नाही.

संध्याकाळी नवरा आला. मी चित्राचं सांगितलं, पोह्यांचं सांगितलं नाही. तो म्हणाला, उद्या जाऊन माफी मागू. मी जपानी वाक्य तयार केलं. त्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला फोन करून ते तपासून घेतलं, आणि सकाळी आवरताना घोकत राहिले.

सेन्सेई रोजच्यासारख्या फाटकाशी उभ्या होत्या, येणाऱ्या प्रत्येक मुलाला वाकून सुप्रभात म्हणत. मी सायकल लावत होते, तेवढ्यात लेक माझा हात सोडून पुढे गेली. त्यांच्यासमोर थांबली. शिकवल्याप्रमाणे पाय जुळवले, हात बाजूला सरळ ठेवले, कमरेत पूर्ण वाकली आणि मोठ्याने म्हणाली, "सेन्सेई, समुद्राबद्दल मला माफ करा." जपानीत म्हणाली, अगदी स्वच्छ जपानीत, मला कधी जमणार नाही अशा.

सेन्सेईंना आधी कळलं नाही. मग त्यांनी तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी तो घेतला असता. त्या नुसत्या घाबरल्या होत्या, माझ्या मुलीसाठी. त्या गुडघ्यावर बसल्या आणि तिचे दोन्ही खांदे धरले. तिथेच, फाटकात, मुलांसमोर त्या रडल्या. त्या आवाजाचं वर्णन मी करणार नाही. दुसऱ्या बाईंनी येऊन त्यांना उठवून आत नेलं. इतक्या दिवसांत त्यांना कोणी रडताना पाहिलं नव्हतं, असं नंतर कळलं. लेक जागची हलली नाही. माझं घोकलेलं वाक्य माझ्याकडेच राहिलं.

दोन दिवस सेन्सेई आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी लेकीच्या दप्तरातल्या निरोपाच्या वहीत त्यांचं पत्र होतं, मला वाचता यावं म्हणून सगळं मुळाक्षरांत. मुलांसमोर स्वतःला सावरू शकले नाही, फार गैर झालं, तिला घाबरवलं असेल तर कृपया क्षमा करावी. त्या माझी क्षमा मागत होत्या. मी खाली एकेक अक्षर जुळवत लिहिलं की ती सहल नव्हती, आम्ही भिऊन गेलो होतो, मी तुमच्याशी खोटं बोलले. त्याखाली दुसऱ्या दिवशी सहीऐवजी त्यांच्या नावाचा शिक्का आणि एक ओळ आली, "कळवल्याबद्दल आभार. तब्येतीची काळजी घ्यावी." यापलीकडे आमच्यात कधी काही बोलणं झालं नाही.

पुढच्या आठवड्यात कॉरिडॉरमध्ये आमच्या लेकीचा समुद्र नव्हता. तिनेच दुसरा कागद मागून घेतला होता म्हणे. स्ट्रॉबेरी काढली होती, एकच, मधोमध, आजूबाजूला सगळा पांढरा कागद. खाली सेन्सेईंच्या अक्षरात एवढंच, स्ट्रॉबेरी. मला त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायलाच हवं. समजूतदार आहे पोर, असं मी सासूबाईंना फोनवर सांगितलंही. वर्षाच्या शेवटी सेन्सेई नोकरी सोडून वडिलांजवळ राहायला उत्तरेला गेल्या. त्यांची आई सापडली की नाही, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

लेक मोठी झाली. इथल्याच शाळेत गेली, आता विद्यापीठात आहे. शहाणी, नेटकी, स्वतःची ताटली स्वतः उचलणारी. माझ्यासारखी तोंडाळ नाही. आम्ही बोललो मराठीत तरी उत्तर बरेचदा जपानीत येतं. शाळेच्या सहलींतून समुद्रावर गेली तरी पाण्यात उतरायची नाही. वाळू पायाला चिकटते, म्हणायची. मीही कधी खोदून विचारलं नाही. मला वाटायचं, मला कारण माहीत आहे. आणि जे माहीत आहे ते तिच्या तोंडून ऐकायची मला इच्छा नव्हती.

गेल्या रविवारी दुपारी आम्ही तिघं चहा पीत बसलो होतो. तिच्या वर्गातल्या मुली उन्हाळ्यात इंग्रजी शिकायला सेबूला चालल्या आहेत, फिलिपिन्सला. महिनाभराचा कोर्स, शनिवार-रविवार समुद्रकिनारा. तिलाही विचारलं होतं. ती म्हणाली, मी नाही जात. नवऱ्याला गंमत सुचली. "अगं, तू साडेचार वर्षांची असताना गेली होतीस. पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हतीस. आठवतं का काही?"

"पाणी नाही आठवत," ती म्हणाली. "सेन्सेई रडल्या ते आठवतं."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. ती कपाकडे बघत, एखादी जुनी शाळेतली गोष्ट सांगावी तसं, पुढे बोलत होती. मराठीत बोलत होती, त्यामुळे शब्द शोधत, सावकाश.

"मला वाटायचं, आपण तिकडे पाण्यात खेळलो म्हणून इकडे लाट आली. मी दिवसभर उड्या मारत होते ना. मी आईला विचारलं होतं, आपण समुद्रात होतो तेव्हाच का? आई हो म्हणाली. मग विचारलं, आपल्यामुळे सेन्सेईंची आई गेली? आई हो म्हणाली."

मी कप खाली ठेवला. नवऱ्याने विचारलं, "मग खरं कधी कळलं तुला?"

"पाचवीत. माझा जुना पासपोर्ट सापडला, त्यावर शिक्का होता. तारीख बघितली. लाट आधीची होती." तिने खांदे उडवले. "तोपर्यंत दर वर्षी अकरा मार्चला शाळेत सगळे डोळे मिटून उभे राहायचे ना, तेव्हा मी डोळे उघडे ठेवायचे. कोणी माझ्याकडे बघतंय का ते बघायला."

साडेचार ते अकरा. मी मनात मोजलं. मग मी विचारलं, विचारायला नको होतं तरी विचारलं, की इतकी वर्षं आम्हाला का नाही सांगितलंस.

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला खरंच प्रश्न कळला नव्हता.

"तू घाबरली असतीस ना," ती म्हणाली.